एकाच पासवर्डची एकसष्ट घरं

इंद्रजीत सोरमारे हर्सूलमध्ये कॅमेरे बसवतो. मूळचा फुलंब्रीकडचा. बाप फकिरा यांचा जन्म मेंढरांमागं गेला. इंद्रजीतनं आयटीआय केलं, शहरात खोली घेतली आणि शिडी-ड्रिल घेऊन लोकांच्या भिंतींवर चढायला लागला. हात सफाईचा. आमच्या दारावरचा कॅमेराही त्यानंच बसवला.

बाप गेल्यापासून गावाकडं आई, सरूबाई, एकटी. पाच शेळ्या सोडून शहरात यायला तयार नव्हती. म्हणून त्यानं गोठ्याच्या खांबावर सिमकार्डवाला कॅमेरा लावला. ओटा, शेळ्या आणि पांदीतून येणारी वाट, सगळं त्याला मोबाईलवर दिसायचं. बोलताही यायचं.

"काही लागलं तर याच्याकडं बघून बोल, माय. मला ऐकू येतं."

सुरुवातीला तो रोज हाक मारायचा. मग कामं वाढली. नुसतं बघणं उरलं, मग तेही सुटलं.

मार्चमधल्या एका दुपारी तो गिऱ्हाईकाच्या भिंतीवर शिडी लावून उभा होता. आईचा फोन आला.

"इंद्या, आज इच्यारलं नाय तू. मी कवाच जेवले."

"काय विचारलं नाय?"

"रोज इच्यारतोस की. 'माँ, खाना खाया?' शहरात राहून बोलीच बदलली तुझी."

इंद्रजीत शिडीवरून खाली उतरला. त्या कॅमेऱ्यातून तो तीन महिने एक शब्दही बोलला नव्हता.

"कधीपासून विचारतो मी?"

"संक्रांतीपासून असंल. परवा म्हनलास, काळी शेळी सुटली. खरंच सुटली व्हती रं."

"माय, घरात जा. आतून कडी लाव. मी निघालो."

तासाभरात तो पोचला. दार सताड उघडं होतं. सरूबाई ओट्यावर उभी होती, पण लेकाकडं नाही, खांबाकडं बघत.

"कडी लाव म्हटलं होतं ना?"

"लावली व्हती. आत्ता आवाज आला, 'मैं आ गया, दरवाजा खोल.' म्या उघडलं. बघते तर तू लांब पांदीला, गाडीवर." तिनं पदर तोंडाशी धरला. "तू तिथं व्हतास, अन् बोलणं हितं खांबावर. मग ते कोन व्हतं रं?"

इंद्रजीत तडक खांबाकडं गेला. तो जसा जवळ गेला तसा कॅमेऱ्याचा डोळा बारीक घरघर करत खाली वळला आणि त्याच्या तोंडावर येऊन थांबला. त्यानं वायर उपटली.

नंतर आईला विचारलं, "काय काय सांगितलंस त्याला?"

"सगळंच. तुझ्या बापाचं दुखणं. तू कुठं राहतोस. किल्ली कुठं ठेवते ते. तूच इच्यारत व्हतास ना."

दुसऱ्या दिवशी तो मेघाताईंकडं गेला. त्या कॉलेजात संगणक शिकवतात, त्याच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी कॅमेऱ्याचं खातं उघडून पाहिलं. दोन मोबाईल जोडलेले होते. एक इंद्रजीतचा. दुसरा कुणाचा, कळायला मार्ग नव्हता.

"पासवर्ड काय ठेवला होतास?"

 पासवर्ड म्हणजे इंद्रजीतचाच मोबाईल नंबर. गिऱ्हाईक विसरतात, म्हणून सगळ्यांची खाती त्यानंच उघडलेली. नावंही ओळीनं, इंद्रजीत एक, इंद्रजीत दोन. आणि तो नंबर प्रत्येक कॅमेऱ्याखालच्या स्टिकरवर छापलेला.

"अशी किती घरं?"

"एकसष्ट."

फोन करून कळव, असं मेघाताई म्हणाल्या. तो स्वतः गेला, घरोघर. एकोणीस घरांत तो अनोळखी मोबाईल जोडलेला निघाला. खुलताबादला तात्यासाहेब नावाचे निवृत्त मास्तर आहेत. ते म्हणाले, "कॅमेरा आपोआप फिरायचा. आम्हाला वाटलं, तू तपासतोस. आमची नात त्याला टाटा करायची." इंद्रजीत तिथंच पायरीवर बसला. एकानं त्याला शिवीगाळ केली, एकानं शिडी रस्त्यावर फेकली. त्यानं पोलिसांत तक्रार दिली. माणूस अजून सापडलेला नाही.

एकोणिसांत आमचंही घर होतं. त्या दारात उभं राहून कुणाशी काय काय बोललो, ते मी किती दिवस आठवत होतो.

इंद्रजीत काम सोडणार होता. मेघाताईंनी सोडू दिलं नाही. जुन्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर टाकायला शिकवलं. कंपनीचं नाही, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं. चित्रण घरातल्या त्या कॉम्प्युटरमध्येच राहतं, बाहेर जात नाही.

"फुकट आहे, मग यातून कुणी बघत नसंल कशावरून?" त्यानं विचारलं होतं.

"आतला कोड कुणालाही वाचता येतो. लपायला जागा कमी. पण अजिबात नाही असं म्हणणार नाही मी. आणि इथंही नंबरच पासवर्ड ठेवलास, तर कुठलंही सॉफ्टवेअर तुला वाचवणार नाही."

आता तो गिऱ्हाईकाला सांगतो, ज्याच्या घरातलं चित्र, त्याच्याच घरात राहू द्या. ऑफिसात बसून घर बघता येणार नाही म्हटल्यावर निम्मे लोक दुसऱ्याकडं जातात. गिऱ्हाईकानं पासवर्ड टाकायची वेळ आली की तो भिंतीकडं तोंड करून उभा राहतो. आमच्याकडंही राहिला.

गोठ्याचा खांब मोकळाच आहे. तो आता रोज फोन करतो. पण सरूबाई आधी एक प्रश्न विचारते, रोज वेगळा. तुझ्या आजीचं माहेर कुठलं? लहानपणी तुला कुत्रं कुठं चावलं? उत्तर बरोबर आलं तरच पुढं बोलते.

गेल्या आठवड्यात तिनं विचारलं, तुझ्या बापाच्या म्होरक्या मेंढ्याचं नाव काय? इंद्रजीतला आठवेना. "माय, मीच आहे गं," तो म्हणाला.

"तो पन असंच म्हनायचा," सरूबाई म्हणाली, आणि फोन ठेवला.

पुन्हा उचलला नाही. शेवटी तो गाडी काढून गावाला गेला. दारात उभा राहून हाका मारल्या. सरूबाईनं खिडकीची फळी बोटभर सरकवली. त्याच्याकडं बघितलं, मग त्याच्या ओठांकडं.

"बोल," ती म्हणाली. "बोलत ऱ्हा."

तो बोलत राहिला. बऱ्याच वेळानं कडी निघाली.