निम्मा कान

अमेरिकेतल्या अर्विंगच्या मराठी मंडळींत बारसं म्हटलं की पाळण्याच्या खालून-वरून फिरवायला वरवंटा लागतो, आणि वरवंटा कुणाकडेच नसतो. ज्याच्या-त्याच्या ओट्यावर मिक्सर. एका घरी नारळ फिरवला, दुसऱ्या घरी तर स्टीलच्या बाटलीलाच कुंची घातली, तेव्हा व्हिडिओवरून बघणाऱ्या आज्ज्यांनी कपाळाला हात लावला. शेवटी इलानं आपला लोकरीचा हत्ती पुढे केला. तो फिरवून झाला, बाळाशेजारी निजला, आणि तेव्हापासून तोच प्रघात पडला. कुणाला दिवस गेले की बाकीच्या बायका आधी विचारत, इलाकाकूंना सांगितलंस का?

इला सत्तेचाळीसची. अमरावतीकडची, दर्यापूरची लेक. नवरा सत्यजित इथे सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी अनिका सहावीत. हत्तीला सगळे इलाचा हत्ती म्हणत, पण खरं सांगायचं तर तिला सुयांवर एक टाका घालता येत नव्हता. विणायची ती तिची आई.

शोभनाबाई दर्यापूरच्या अंगणवाडीत बत्तीस वर्षं होत्या. सरकारी खेळण्यांची पेटी यायची, पण मोडलं तर जाब कोण देणार, म्हणून ती कुलपातच राहायची. बाईंनी मग मोडणारच नाहीत अशी खेळणी विणायला घेतली. पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात पंख्याखाली लोकर घेऊन बसलेली बाई बघून येणारे-जाणारे हसत. विचारत, कोणाले थंडी वाजून रायली व बाई? बाई मान वर न करता म्हणत, "हत्तीले."

पुढे त्यांचे डोळे उतरले, जोडकाम जमेना, तेव्हा मायलेकींनी काम वाटून घेतलं. आई सुटे भाग विणी: पोट, डोकं, चार पाय, दोन कान, सोंड. चपटे भाग, वजनाला काही नाहीत. इकडे येणाऱ्या कुणाच्याही बॅगेत पापडाच्या पुड्याखाली मावत. इला इथे ते शिवून जोडी, आत कापूस भरी, आणि डोळे काळ्या दोऱ्यानं काढी, कारण तान्ह्या लेकराच्या तोंडात बटण जायला नको.

अशा दहा-बारा वर्षांत आईचं विणकाम तिला कडेनं पाठ झालं होतं. आई प्रत्येक ओळीचा पहिला टाका विणायची नाही, नुसता उचलून पलीकडच्या सुईवर घ्यायची. त्यानं कडेला वेणीसारखी साखळी पडे, आणि जोडताना इलाची सुई त्या साखळीतून लोण्यातून जावी तशी जाई. शेवटी उरलेल्या लोकरीचं शेपूट हातभर लांब ठेवलेलं असे. जोडायला त्याच रंगाचा धागा नको का? फोनवर आई जे सांगत नसे ते या कडेवरून कळे. मामाशी भांडण झालं असलं की टाके ताठ, ताप येऊन गेला असला की सैल. मागच्या वर्षी जरा जास्तच सैल वाटले होते. इलानं दोष उन्हाळ्याला दिला.

सहा वर्षांत ती दर्यापूरला गेली नव्हती. ग्रीन कार्डाची रांग हलेना, आणि देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येताना व्हिसाचा शिक्का नव्यानं घ्यायचा. सत्यजितच्या ओळखीतला ऋषी बहिणीच्या लग्नाला गेला तो पाच महिने नागपुरातच अडकला. सत्यजित म्हणायचा, एवढं एक वर्ष जाऊ दे यार. त्या एका वर्षाला सहा वर्षं झाली होती. पुडकं आलं की इला आधी ते नाकाला लावी. डांबराच्या गोळ्या, पापडखार, आणि मागे कुठेतरी त्या घरातला वास. दोन दिवसांत तोही उडून जाई. इथल्या एसीला कशाचीच माया नाही.

गेल्या मार्चमध्ये असंच पुडकं आलं. शनिवारी सकाळी इला डायनिंग टेबलाशी जोडायला बसली आणि सुई अडली. पुन्हा घातली, पुन्हा अडली. कडेला साखळी नव्हती, गाठी होत्या. लोकरीचं शेपूट बोटभर सोडून कापलेलं. टाके मात्र एकासारखा एक, दृष्ट लागावी इतके सुबक.

तिनं तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दिवेलागण झाली होती. आईनं भाजीपासून सुरुवात केली, मग कुणाच्या तरी मुलीचं लग्न, मग वीज गेल्याची गोष्ट. इलानं सगळं होऊ दिलं.

"हे कोनं विनलं व आई?"

"मी. अजून कोन विनन?"

"कड तुयी नाई."

फोन धरून उभी असलेली शेजारची सुवर्णा पडद्याबाहेरून म्हणाली, "काकू, सांगून टाका आता."

मग निघालं ते असं. कंपवात. दोन वर्षं झाली. आधी उजव्या हाताचा अंगठा, मग पंजा. अमरावतीच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू. दिवाळीपर्यंत रेटलं, मग सुवर्णाला शेजारी बसवून शिकवलं. बाई सांगतात, ती विणते. दर रविवारी फोनवर आई खांद्यावरून पदर घेऊन, उजवा हात झाकून बसायची, इलाला वाटायचं, वय झालं की बायका अशाच बसतात.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तू निंघून आली असती. आली न मंग वापस नाई जाऊ देल्लं, तं त्या पोट्टीनं काय करायचं तिथं?"

इला म्हणाली, मी येतेच. आई अशी रागावली की सुवर्णाच्या हातातला फोन हलला. मागे कॉफीचा मग घेऊन उभा असलेला सत्यजित हळूच म्हणाला, तिकिटं बघतो. बघतो म्हणजे काय, ते दोघांनाही माहीत होतं.

"मंग तुया हातचं काही धाड," इला म्हणाली.

"वाकडं काम मी वेशीबाहेर नाई धाडत."

"वाकडं धाड."

"एक कान हाय. निम्माच. दिवाळीपासून पडला हाय."

"निम्मा धाड."

तो मे महिन्यात आला. अकोल्याच्या एक मावशी लेकाकडे राहायला आल्या, त्यांनी आपल्या हातानं आणून दिला. प्लॅस्टिकच्या डब्यात, तसाच सुईवर. टाके निसटू नयेत म्हणून सुवर्णानं सुयांच्या टोकांना रबर गुंडाळले होते. तीन बोटं रुंद, चार बोटं उंच. एक टाका भोपळ्याएवढा, शेजारचा मोहरीएवढा. एका ठिकाणी टाका सुटून वाटाणा जाईल असं भोक. अनिकानं त्यात बोट घालून पाहिलं, म्हणाली, "आई, इट्स ब्रोकन." मग आईचा चेहरा पाहून हळूच बोट काढून घेतलं.

इलाला तो कान तसाच ठेवताही येईना. सुई काढली की टाके पळणार, आणि बंद करायचे तर विणता यायला हवं. रविवारी सकाळी तिनं फोन साखरेच्या डब्याला टेकवला आणि जन्मात पहिल्यांदा विणायच्या सुया हातात धरल्या. आई पलीकडून सांगू लागली. धागा मागं घे. सुई टाक्याच्या पोटातून घाल. गुंडाळ. आता ओढून काढ, भाकर उलथतो तशी, भिऊ नको. अर्ध्या तासात इलाच्या तीन ओळी झाल्या. आईनं फोनच्या जवळ धरायला लावल्या.

"हे काय केलं व? एक टाका वाढवला. उसव."

इलानं उसवलं. एक ओळ, दुसरी, तिसरी. लोकर कुरळी होऊन टेबलावर पडली. आईची ओळ लागली तशी ती थांबली, आणि सुटलेले टाके एकेक करून जपून सुईवर घेतले.

"अजून उसव," आई म्हणाली. "खालच्या ओळी माह्या चुकल्या हायेत. भोक पडलं ना तिथं. तिथवर जाय न तिथून नीट घे."

"नाई उसवत."

"भोकाचा कान लेकराच्या पाळन्यात ठेवशील?"

"हा पाळन्यात नाई जात कोणाच्या."

"मंग काय करशील त्याचं?"

इलानं दोन्ही हातांनी सुया घट्ट धरून ठेवल्या होत्या, कुणी हिसकावून घेईल तशा. पलीकडे सुवर्णा काहीतरी बोलायला गेली, आईनं तिला थांबवलं.

"बरं. राहू दे," आई म्हणाली. "तिथूनच पुढं विन. पन हळू विन, बाई. एवढ्यात संपवू नको."