नायसाहेबांचा खरा नकार

नव्वदच्या दशकात आमच्या रोह्याच्या कारखान्यात एखादी गोष्ट मंजूर व्हायची, तर आधी नायसाहेबांना तिला विरोध करावा लागे! साहेब आमचे कारखानाप्रमुख, मूळचे पेणचे. बोलण्याची सुरुवात ‘नाय रे बाबा’ने, म्हणून हे नाव.

या उलट्या गंगेचं उगमस्थान होतं टायसाहेब. मुंबई ऑफिसचे विक्रीप्रमुख. मे महिन्यात, रोह्यात, रंगाच्या कारखान्यात टाय बांधून येणारा मनुष्य! दोघांचं का बिनसलं, हे बहुधा दोघेही विसरले होते. पण नायसाहेब पूर्व म्हणाले की टायसाहेब पश्चिम म्हणत, आणि मालक टायसाहेबांचं ऐकत.

बॉयलरचंच घ्या. जुना बॉयलर दमेकऱ्यासारखा धापा टाकत होता. साहेबांना नवा हवा होता. मालकांपुढे बैठक, मी टिपण लिहायला कोपऱ्यात. साहेब म्हणाले, “नाय रे बाबा, नवा कशाला? जुना माझ्यासारखा ठणठणीत आहे.”

टायसाहेब उसळले. “हीच ती जुनाट वृत्ती! नवा घ्यायलाच हवा.”

मालकांनी मान डोलावली. साहेबांनी चेहरा असा पाडला की नाट्यस्पर्धेत बक्षीस मिळावं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “वाऱ्याशी भांडू नये, शीड फिरवावं.”

बैठकीला ते पेणचे पोह्याचे पापड आणत. पहिला मान टायसाहेबांचा. “तोंड कुरकुरण्यात गुंतलं की डोकं जरा विसावतं,” हे त्यामागचं शास्त्र.

हळूहळू ही युक्ती सगळ्यांना कळली, टायसाहेबांना सोडून. हिशेब खात्याचे भाऊ, साहेबांचे जिवलग, मला डोळा मारून म्हणत, “साहेब नको म्हणतायत ना? म्हणजे पाहिजेच आहे!”

मग मालकांच्या मनात आलं, करसवलतीसाठी पिवळ्या रंगाचा विभाग परराज्यात हलवावा. कंपनीची चूल त्याच विभागावर पेटत होती. तिथे पॅकिंगला खाडीकाठच्या बाया होत्या, मिठागर सोडून आलेल्या. त्यांतली जनाबाई साहेबांना वाटेत अडवून म्हणाली, “सायेब, आमाला हालवनार हायत व्हय?”

“नाय गो. मी हाय ना!”

बैठकीत साहेब प्रथमच उभे राहिले. पापड आणलेच नव्हते; जनाबाईला दिलेल्या शब्दापायी त्यांना नाटक करवेना. म्हणाले, “हा विभाग हलवू नका. यंत्रं ट्रकात भरता येतील, या माणसांचे हात नाही भरता येणार.”

टायसाहेबांनी सवयीने विरोध केला. भाऊंनी मला डोळा मारला आणि प्रेमाने टायसाहेबांना पाठिंबा दिला. एकाने वैरापोटी हात वर केला, दुसऱ्याने मैत्रीपोटी. विभागाचा विचार कुणीच केला नाही. त्यातून पुढे अख्खी कंपनी बुडाली.

“अरे, आज मी खरं बोलतोय!” साहेब कळवळून म्हणाले.

भाऊ खो खो हसले. “वा साहेब! आज तर कमालच केलीत!”

यंत्रं गेली. नव्या जागी रंग कधी मळकट निघे, कधी फिका. जुनी गिऱ्हाइकं एकेक करून तुटली. तोवर साहेब राजीनामा देऊन पेणला परतले होते. निरोप समारंभाला त्यांनी नाही म्हटलं, तेव्हा भाऊंनी हारांची ऑर्डर देऊन टाकली होती.

साहेबांच्या शेवटच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेटपर्यंत गेलो. जनाबाई उभी होती. नखं अजून पिवळी.

“सायेब, तुमी ‘नाय’ बोल्लात ना तितं?”

“बोललो गो,” साहेब म्हणाले. “म्हणूनच तर गेलं.”