वगळलेल्या विहिरी

दोनशे फूट झाले तरी बोअरमधून नुसता दगडाचा भुगा उडत होता. बोअर पाडणाऱ्या रिगवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या नकाशाकडे पाहिलं. त्या जागी गडद निळा रंग होता. गडद निळा म्हणजे जमिनीखाली भरपूर पाणी.

नकाशा मीच केला होता.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. मी एका सरकारी कार्यालयात भूवैज्ञानिक होतो. बारामती-इंदापूर भागातल्या ठरावीक विहिरींची पाण्याची पातळी आमची माणसं वर्षातून चार वेळा टेपने मोजायची. ते आकडे ऑफिसातल्या नव्या कॉम्प्युटरला दिले की जमिनीखाली पाणी कुठे किती आहे, कुठे सरकतंय, याचा तो अंदाज बांधायचा. याला मॉडेल म्हणतात. मोजलेली पातळी आणि मॉडेलने काढलेली पातळी जुळली की मॉडेल चांगलं. आमचं फारच छान जुळलं होतं. साहेबांनी रिपोर्ट वर पाठवला.

भवानीनगरपासून आत माळावर एक वस्ती होती. पूर्वी मेंढरं राखणारी, आता शेती करणारी घरं. त्यांना पिण्याच्या पाण्याचं बोअर याच मॉडेलवरून दिलं होतं. बोअर मंजूर झालं म्हणून टँकर बंद झाला होता. बायका कॅनॉलकडेच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणत होत्या. एक खेप म्हणजे जाऊन-येऊन दीड तास.

रिग बंद झाली. कोंडिबातात्या वस्तीतले जाणते. त्यांनी दगडाचा भुगा चिमटीत घेऊन पाहिला. त्यांची सून पारूबाई सकाळपासून रिकामा हंडा घेऊन उभी होती. तिने विचारलं, "सायेब, मग टँकर कवा सुरू व्हायचा?"

"बघतो," म्हणालो.

ऑफिसात साहेब म्हणाले, "खडकातली भेग चुकली असेल. एका बोअरवरून मॉडेल मोडीत काढू नका. शेजारी दुसरं घ्या."

"सर, तेही कोरडं गेलं तर?"

"मॉडेल काय म्हणतंय?"

"पाणी आहे म्हणतंय."

"मग?"

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन पुन्हा वस्तीवर गेलो. तात्या बरोबर चालत आले. पहिल्या विहिरीत टेप सोडला, तो तळाच्या दगडावर खणकन वाजला. दुसरीतही तेच. तिसरीच्या कठड्यावर पांढऱ्या रंगात नंबर होता. आमच्या ऑफिसचा.

"तात्या, ही तर आमच्या यादीतली विहीर!"

"व्हय की. तुमची मानसं येत्यात, वाकून बगत्यात, कायतरी लिवत्यात आन जात्यात."

"काय लिहितात?"

"ते तुमाला ठावं. हितं तर लई वर्सं झाली, दिवाळीनंतर थेंब ऱ्हात न्हाय."

ऑफिसात येऊन जुनी रजिस्टरं काढली. त्या नंबरासमोर एक छोटी आडवी रेघ होती. मागच्या खेपेला रेघ, त्याच्या मागच्या खेपेलाही रेघ. माणसं खोटं लिहीत नव्हती. फॉर्म पाण्याची पातळी विचारत होता आणि कोरड्या विहिरीला पातळी नसते.

पुढचं काम माझं होतं. कॉम्प्युटर रेघ घेत नव्हता, मधेच थांबायचा. म्हणून मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली होती: आकडा नसेल तर पुढे जा. त्या एका ओळीने सगळ्या कोरड्या विहिरी बाहेर गेल्या. उरल्या त्या पाण्याच्या, म्हणजे बहुतेक कॅनॉलकडेच्या. त्यांच्याकडे बघून मॉडेलने माळही भिजवून टाकला. आणि ते जुळतंय का, हेही मी त्याच विहिरींना विचारलं होतं, म्हणून तर इतकं छान जुळलं. काम अडायचं थांबलं म्हणून त्या दिवशी मी खूश होऊन घरी गेलो होतो, तेही आठवलं.

मग प्रत्येक कोरड्या विहिरीचा तळ किती खोल आहे ते घातलं. म्हणजे निदान तिथपर्यंत तरी पाणी नाही. मॉडेल दिवसभर चाललं. निळा रंग आक्रसून कॅनॉललगतच्या पट्ट्यात गेला.

साहेबांनी कागद पाहिला. "हे पहिल्याइतकं जुळत नाही."

"नाही सर. पण माळ कोरडा दाखवतंय."

"रिपोर्ट वर गेलाय."

"हो."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "दुरुस्तीच्या पत्रात चूक कुणाची लिहायची?"

"माझी. ती ओळ माझी आहे."

"रिपोर्टवर सही माझी होती. दोघांची लिहा."

आठवड्यात टँकर सुरू झाला. पुढच्या वर्षी कॅनॉललगतच्या पट्ट्यात विहीर खोदून वस्तीपर्यंत पाइप टाकला. नळाला पाणी आलं त्या दिवशी मी तात्यांना सगळं सांगून टाकलं. शिव्या खायची तयारी होती.

तात्यांनी नीट ऐकून घेतलं. "मंजी ज्या हिरीत पानी हाय, तेवढ्याच धरल्या?"

"हो."

"आन मग म्हनला, पानी हाय?"

"हो."

पारूबाई नळाखाली कळशी लावत होती. मान वर न करता म्हणाली, "आन याला कम्प्युटर लागतोय व्हय?"

साहेबांनी पुढच्या मोजणीपासून फॉर्ममध्ये 'कोरडी' असा रकाना वाढवला. त्यानंतर मी बरीच मॉडेलं केली, दुसऱ्यांची तपासलीही. जुळणी फार छान आली असेल, तर कोणते आकडे वगळले ते आधी विचारतो. बहुतेक वेळा समोरचा प्रोग्रॅम पुन्हा उघडून बघायला लागतो.