टॉकीजमधले शेजारी

निजामी राजवटीच्या अखेरच्या वर्षी तुळजापूरच्या पत्र्याच्या टॉकीजात मी दुपारचा खेळ बघत होतो. खिशात सरकारविरोधी पत्रकं होती. पडद्यावर सुटाबुटातला हौशी गुप्तहेर शीळ घालत, गोड बोलून चोराचा माग काढत होता. सगळे हसत होते. शेजारचे मिशाळ गृहस्थ मात्र मिशीचं टोक चावत, गोंधळून बघत होते. एकदम माझ्याकडं वाकून म्हणाले, "ह्यो कुणालाच मारत न्हाय, तरी लोक खरं कसं सांगतात हो? आमच्या ठाण्यात असं कधी झालं न्हाय."

साध्या कपड्यातला पोलीस!

मध्यंतरात उठताना त्यांनी माझ्या खिशातून वर आलेलं पत्रक बोटानं आत सारलं. "नीट ठेवा," म्हणाले आणि निघून गेले.

त्यांनी ते वाचलं होतं, की त्यांना वाचताच येत नव्हतं, हे मला अजून उमगलेलं नाही.