वाघाला ऐकवायचा रेडिओ

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात किस्से कसे साठतात ते सांगतो. माणूस बिघडलेला रेडिओ टाकून जातो. पार्ट यायला आठ-पंधरा दिवस लागतात, तोवर तो दर बाजाराला येऊन बाकावर बसतो आणि बोलत राहतो. रेडिओ एकदाचा घरी जातो, बोलणं मात्र माझ्याकडेच राहतं. सानगडीच्या बाजारात माझं दुकान आहे. पुढे मोबाइलची कव्हरं आणि चार्जर लटकवलेत, कारण पोट त्यावर चालतं. मागे रेडिओ. मला सगळे मिस्त्री म्हणतात.

बाकावरची कायमची माणसं तीन. रिटायर झालेले मेश्राम गुरुजी, तलावात मासे धरणारा सदू आणि अनसूयाबाई. पहिल्या दोघांना रेडिओचा शौक. अनसूयाबाईचा रेडिओ वाघासाठी होता. नवरा डोमाजी पायाने अधू, त्यामुळे उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला ती पहाटे जंगलात एकटीच जायची. इथं माणूस आहे हे कळून वाघाने लांब राहावं, म्हणून फांदीला रेडिओ टांगून मोठ्याने चालू ठेवायची. तिथे मोबाइलला रेंज नाही. रेडिओ बंद पडला तर तिच्या सोबतीला काहीच नाही, हे मला पक्कं माहीत होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सांगणं मला जड जाणार आहे.

*

गुरुजींच्या पोराने नागपूरहून त्यांच्यासाठी ब्लूटूथ स्पीकर आणला. काळा, गुळगुळीत, भारीतला. गुरुजींनी तो आठ दिवस वापरला आणि पुन्हा आपला चामड्याच्या कव्हरातला जुना ट्रान्झिस्टर घेऊन बाकावर हजर.

"काहून गुरुजी, नवा आवडला नाही?"

"आवडला ना. पण त्याले मोबाइल लागते. मोबाइलले टॉवर लागते. टॉवरले लाइन लागते. याले दोन सेल लागते."

"मग त्या स्पीकरचं काय केलं?"

"वापरून राहिलो. त्याच्यावर रेडिओ ठेवला का उंची बरोबर येते."

*

सदूचा रेडिओ डोंग्यातून तलावात पडला. दोन दिवसांनी त्याच्याच जाळ्यात सापडला. तो तसाच चिखलासकट माझ्या काउंटरवर आणून ठेवला. मागचं झाकण उघडलं तर आत बोटभर लांबीची मासोळी, मेलेली.

सदू गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मासोळी तुमची. रेडिओ तेवढा माहा."

मी तो स्वच्छ पाण्याने धुतला, तीन दिवस उन्हात वाळवला, स्पीकर बदलला. लागला! आवाज मात्र सर्दी झाल्यासारखा येतो, तो आजतागायत. सदूला तोच आवडतो. म्हणतो, पोहून आलेला आहे, एवढं त चालतेच.

*

त्याच सदूने धान निसवल्यावर शेतातल्या बांधीत रेडिओ टांगला, रानडुकरं घाबरतील म्हणून. सकाळी जाऊन बघतो तर डुकरांनी बरोबर रेडिओच्या खालचंच धान खाऊन तिथे लोळण घेतलेली.

"शेतीचा कार्यक्रम चालू होता ना," सदू म्हणाला. "सल्ला ऐकून कामाले लागले."

बाकावर हशा झाला. मी अनसूयाबाईला चिडवलं, की डुकरं भीत नाहीत, मग वाघ कशाला भिईल?

ती हसली नाही. म्हणाली, "डुकराले माणूस ओळखीचा झाला, मिस्त्री. वाघाले अजून झाला नाही."

मग तिने आपली रीत सांगितली. जंगलाकडच्या सगळ्या बाया हीच रीत पाळतात. गाणं लागलं की काटा फिरवायचा, बातम्या किंवा भाषण शोधायचं. "गाण्याले थो भेत नाही. बोलणारा माणूस पायजे."

"बाई, बातम्या ऐकून त मलेच जंगलात पळून जावं वाटते," गुरुजी म्हणाले.

*

गुरुजी मागच्या पावसाळ्यात गेले. उशाशी रेडिओ होता, दुपारच्या बातम्या चालू होत्या. नाडी बघून डॉक्टरांनी मान हलवली. घर भरलेलं, रडारड सुरू झालेली, आणि मध्येच बातम्या देणारी बाई आपली शांतपणे बोलतेय. कुणीतरी बंद करायला हात पुढे केला.

"राहू द्या," गुरुजींची बायको म्हणाली. "अर्ध्यात बंद केलेलं त्यायले खपत नव्हतं."

हवामान सांगून होईपर्यंत आम्ही सगळे उभे राहिलो. मग त्यांनी स्वतः बटण फिरवलं आणि पहिल्यांदा रडल्या. मीही रडलो. चाळीस माणसं असतील, पण त्या घरात इतकी शांतता मी तोवर ऐकली नव्हती.

*

आता शेवटचा. हा मी बाकावर कधी सांगितलेला नाही.

ऐन मोहाच्या दिवसांत, बाजाराच्या दिवशी, अनसूयाबाईचा रेडिओ बंद पडून आला. जुन्या लुगड्याच्या पिशवीत गुंडाळलेला. सेलची स्प्रिंग गंजली होती आणि आत सोल्डरचा एक डाग सुटला होता. फार काम नव्हतं.

"लवकर द्या, मिस्त्री. फुलं पडून राहिले. चार दिवसांचा खेळ राहते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो दुरुस्त केला. नागपूर एकदम स्वच्छ लागलं. ती उन्हातून चालत आली तेव्हा रेडिओ काउंटरवर बोलत होता.

आता माझा एक नेम आहे. होता म्हणायला पाहिजे. दुरुस्त केलेला रेडिओ पूर्ण एक दिवस दुकानात चालवायचा, तरच गिऱ्हाइकाला द्यायचा. उस्तादाने शिकवलेलं. माझ्याकडून गेलेला रेडिओ परत येत नाही, ही माझी घमेंड होती आणि ती मी येईल त्याला ऐकवायचो.

"वाजून त राहिला. द्या ना," ती म्हणाली.

"उद्या दुपारी या. नेम म्हणजे नेम."

"उद्याची सकाळ जाते."

"एक दिवस वाघालाही सुट्टी द्या की."

हे मी बोललो. माझ्याच तोंडाने. ती हसली, रिकामी पिशवी घडी करून काखेत धरली आणि गेली. उद्या जाऊ नका, एवढंही मला म्हणायला सुचलं नाही. फुलं एका दिवसात वाळतात, ती घरी बसणार नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. मी माझ्या नेमातच खूश होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर दुकान उघडलं आणि पहिल्यांदा तिचा रेडिओ लावला. मोठ्याने लावला, खरखर येते का बघायला. जराही नाही. चहा पीत मी अख्ख्या बातम्या ऐकल्या. दहाच्या सुमाराला फॉरेस्टची गाडी बाजारातून धावत गेली. मागोमाग सदू आला. तो काही बोलायच्या आधीच मला समजलं.

तेरवी झाल्यावर डोमाजी आला. काठी टेकत, एकटा. बाकावर बसला नाही. मी रेडिओ पुढे ठेवला. त्याने बटण फिरवलं, थोडा वेळ कान देऊन ऐकलं.

"कवा झाला होता दुरुस्त?"

"आदल्या दिवशी दुपारी."

"त्या सकाळी अठी दुकानात चालू होता?"

खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हणालो. "दुकान उघडल्यापासून."

डोमाजीने एकदा दुकानभर नजर फिरवली. कव्हरं, चार्जर, काउंटर, रिकामा बाक. मग माझ्याकडे बघून अगदी हळू आवाजात विचारलं,

"मंग अठी कोणाले भेव दाखवून राहिला होता थो?"