मँचेस्टरची परवानगी

दंडाला बांधलेला पट्टा सोडायला विसरले आणि सलाईन उतरत नाही म्हणून पिशवीला दोष दिला. हे शहाणपण माझंच. तेव्हा मी ब्रिटिश आर्मीच्या रिझर्व्हमध्ये कॉर्पोरल होते, मेडिक. एरवी हॉस्पिटलात एनरोल्ड नर्स, म्हणजे सिस्टरपेक्षा एक पायरी खाली.

विषय काढला तो नातीने. ती नर्सिंग असोसिएट आहे, म्हणजे आजच्या काळातली माझीच पायरी. मँचेस्टरहून मेडनहेडला आली, तर नव्या हॉस्पिटलने सांगितलं, इथे सलाईनचं ट्रेनिंग पुन्हा.

"आजी, माझा ट्रेनिंग झाला आहे ना! तिथे मी रोज करत होती, इथे हातपण नाही लावायचा?"

बाई गं, माझीही तीच गत होती. मँचेस्टरला मी शिरेत सुई घालत असे. इकडे बर्कशरच्या हॉस्पिटलात आले, तर आमच्या ग्रेडने फक्त पिशवीवर नजर ठेवायची. दोन वर्षं नजरच ठेवली. नाक मात्र मँचेस्टरइतकंच वर.

त्या उन्हाळ्यात युनिटचा कॅम्प वेल्सच्या डोंगरात होता. शनिवारी सार्जंट ह्यूजनी सगळ्या मेडिक्सना प्लास्टिकच्या हातावर सलाईन लावायच्या सरावाला बसवलं.

"सार्जंट, मी खऱ्या माणसांना लावलंय."

"कधी?"

"मँचेस्टरला."

"कुठे, असं विचारलं नव्हतं मी."

तरी मी सामान लावायचं निमित्त काढून सटकले.

रविवारी डोंगरातल्या पायी कूचमध्ये एक जवान उन्हाने कोसळला. अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध. दोघांनी त्याच्यावर पाणी ओतायला घेतलं. रेडिओवर ह्यूज म्हणाले, "हेलिकॉप्टरला वेळ लागेल. सलाईन लाव. मी येतोय. ओव्हर."

सुई पहिल्या झटक्यात शिरेत गेली. मी मनात स्वतःची पाठ थोपटली. पण थेंब पडेना. उलट नळीत रक्त चढलं. पिशवी उंच धरली, दाबली, हलवली. पोराचे डोळे फिरायला लागले.

"पिशवी खराब आहे. दुसरी आणा. ओव्हर."

ह्यूज धावत आले. दुसरी पिशवी काढलीच नाही. वाकले आणि पोराच्या दंडाचा पट्टा सोडला. सलाईन वाहू लागलं. हेलिकॉप्टर पोचलं तेव्हा पोरगं स्वतःचं नाव सांगत होतं.

एका आईचा मुलगा माझ्या तोऱ्यापायी गेला, हे ओझं न वाहता मी म्हातारी झाले. ती ह्यूजची कृपा.

पुढे परदेशातल्या तैनातीत एका जखमीला उचलताना सार्जंट ह्यूज मारले गेले. दर नोव्हेंबरमध्ये कोटाला युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचं लाल पॉपीचं फूल लावून हॅरोच्या युद्धस्मारकापाशी उभी राहते. दोन मिनिटांच्या शांततेत मला त्यांचाच आवाज ऐकू येतो.

कॅम्पमधल्या त्या रविवारी संध्याकाळी मी त्यांना म्हटलं होतं, "रिपोर्ट करा, सार्जंट. सलाईन लावायची माझी परवानगी काढून घ्या."

ते बूट काढत होते. मान वर न करता म्हणाले, "रिपोर्ट करणारच आहे, कॉर्पोरल. आणि उद्या तुला परत शिकवणारही आहे. आता चहा टाक. त्याची परवानगी तुला सगळीकडे आहे."