हिरव्या शाईची सही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. परवा मुलाच्या ॲडमिशनसाठी जुनी फाइल काढली, तर माझ्या गुणपत्रिकेच्या झेरॉक्सवर ती हिरवी सही अजून ठसठशीत. बारावी नुकतीच झाली होती. पुण्याच्या कॉलेजच्या फॉर्मला गॅझेटेड ऑफिसरची सही लागायची, आणि गावात असे एकच होते, बौद्धवाड्यातले, शेती खात्यातले साहेब. आईनं बजावलं, “सही घे, पण त्यांच्यात तोंडात काय घालू नको.” सांगायची गरजच नव्हती, किळस माझ्यात तयार होती. त्यांचं घर आमच्यापेक्षा नेटकं, याचाही राग आला. बुद्धाच्या फोटोखाली बसून साहेब एकेक झेरॉक्स मूळ कागदाशी ताडून सही करत होते. साहेबांच्या बाईंनी आल्याचा चहा आणला. “माझा उपास हाय,” मी म्हणालो. त्या हसल्या, “उपासाला च्या चालतो की रं!” “निर्जळी हाय.” साहेब मान वर न करता म्हणाले, “ऱ्हाऊ दे गं. सही चालती त्याला.” मी कागद उचलले आणि नारायणगावच्या स्टँडवर जाऊन दोन कप चहा ढोसला. इतका हलकट होतो मी. त्याच सहीवर शिकलो, साहेब झालो. त्या बाईंची माफी मी अजून मागितलेली नाही.